ट्रॅक्टर घेण्याआधी तास मोजा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शेती एका प्रकारची नाही. पश्चिमेला डोंगराकडे भाताची खाचरे, नारायणगावच्या बाजूला टोमॅटो व द्राक्षे, ओतूरकडे कांदा, सातगाव पठारावर बटाटा आणि कालव्याखाली ऊस. एकाच घरात चार-पाच एकरांत यातली दोन-तीन पिके आणि गोठ्यात दोन गायी, असे सर्रास आढळते. अशा शेतकऱ्याने कोणता ट्रॅक्टर घ्यावा, ही चर्चा आमच्या कापड दुकानातही होते. कारण गिऱ्हाईक शेतकरीच आहे आणि लग्नाचा बस्ता व ट्रॅक्टरचा हप्ता एकाच खिशातून जातो.

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो किती एचपीचा घ्यावा हा. आमच्या मते पहिला प्रश्न वर्षात किती तास चालेल हा असला पाहिजे.

हिशेब करून पाहू. नांगरटीला एकरी सुमारे दोन तास, पाळीला एक, रोटाव्हेटरला दीड, बेड पाडायला एक. म्हणजे एका पिकाला एकरी साडेपाच-सहा तास. पाच एकर आणि दोन पिके धरली तर साठ तास. ट्रॉलीने शेणखत टाकणे, माल बाजारात नेणे याचे आणखी शंभर तास धरा. एकूण १६० तास झाले. टोमॅटोला एकदा बांबू आणि तार लागली की मोठा ट्रॅक्टर त्यात शिरत नाही. कांद्याची लागण झाली की तेथेही त्याचे काम संपले.

आता समजा ट्रॅक्टर ७ लाखांचा आहे आणि दहा वर्षांनी अडीच लाखांना विकला जाईल. वर्षाची घट ४५,००० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर, दुरुस्ती मिळून ३५,००० धरा. हे ८०,००० रुपये १६० तासांवर वाटले तर तासाला ५०० रुपये पडतात. यात डिझेल नाही, ड्रायव्हर नाही आणि कर्जावरचे व्याजही नाही. तोच ट्रॅक्टर ८०० तास चालला तर हाच खर्च तासाला १०० रुपयांवर येतो. आपल्या गावातले भाड्याचे दर यापुढे ठेवून पाहावेत. ज्याचे तास दोनशेच्या आत आहेत त्याने भाड्याने काम करून घ्यावे, नाहीतर भाऊ-चुलतभावांनी मिळून एक घ्यावा. मात्र आधी कोणाची पाळी, डिझेल कोणाचे, मोडतोड कोणाची याची रीतसर लिखापढी करावी. तोंडी भागीदारीत ट्रॅक्टर तर जातोच, नातेही जाते.

तास पुरेसे भरत असतील तर अवजार आधी ठरवावे. कापड घेताना आपण पन्हा पाहतो, तसा इथे ओळीतला पन्हा पाहिला पाहिजे. द्राक्षाच्या दोन ओळींत फवारणीचा ब्लोअर वर्षभर पुन्हा पुन्हा फिरतो. तेथे १८ ते २८ एचपीचा अरुंद ट्रॅक्टरच उपयोगी, आणि त्याचे तासही भरतात. भाताच्या लहान खाचरांत पॉवर टिलर बरा. कांदा, बटाटा, टोमॅटो अशा मिश्र शेतीला ३५ ते ४० एचपी पुरतो, पाच फुटी रोटाव्हेटर तो आरामात ओढतो. काळ्या जमिनीत दोन फाळी पलटी नांगर लावायचा असेल तरच पंचेचाळीसकडे जावे. वर्षातून एकदाच्या नांगरटीसाठी तेवढे कर्ज काढू नये, ती भाड्याने करून घ्यावी.

छापील एचपी इंजिनाची असते. अवजार फिरते पीटीओवर, आणि ४० एचपीच्या इंजिनातून तेथे साधारण ३४-३५ पोहोचते. विक्रेत्याला हा आकडा मुद्दाम विचारावा. डबल क्लच असेल तर गाडी थांबवूनही रोटाव्हेटर किंवा ब्लोअर फिरता ठेवता येतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे देणे परवडते.

कंपनीच्या नावापेक्षा मिस्त्री आणि सुटे भाग किती जवळ आहेत हे पाहावे. जॉन डिअरचे ट्रॅक्टर शेजारच्या शिरूर तालुक्यात सणसवाडीला तयार होतात, पण कारखाना जवळ म्हणून हंगामात भाग हातात पडेलच असे नाही. घेण्याआधी मंचर किंवा नारायणगावला जाऊन त्या मॉडेलचे फिल्टर आणि क्लच प्लेट दुकानात आहे का, ते पाहून यावे.

सरकारी अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणाऱ्याने पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नये, नाहीतर अनुदान जाते. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याची वाळू-विटा भाड्याने वाहणे किंवा मडगार्डवर माणसे बसवणे हा मोठा धोका आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाईसाठी जमिनीवर पाळी येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वीच्या ६ लाखांवर हा फरक ४२,००० रुपयांचा होतो. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भावही उतरला पाहिजे. जुना घेणाऱ्याने जुन्या बिलावर भाव मान्य करू नये, आजच्या नव्या किमतीवरून खाली यावे. मागचे टायर, थंड इंजिन चालू करताना निघणारा धूर आणि हायड्रॉलिकवर उचललेले अवजार हळूहळू खाली बसते का, हे स्वतः पाहावे. आरसीवरून बँकेचा बोजा उतरल्याशिवाय मात्र पूर्ण रक्कम मालकाच्या हाती देऊ नये.