बैलाची छाती आणि भुंगेऱ्याची छाती



पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड पाहताना जाणता माणूस आधी जनावराच्या समोर उभा राहतो. पुढच्या दोन पायांत अंतर किती, छाती रुंद आहे की चिमटलेली, हे पाहून मग तो दात पाहायला जातो. ही पारख शास्त्राला धरून आहे. कारण बैलाची छाती म्हणजे दमाची कोठी. मात्र हाच 'छाती' शब्द आपण किडीच्या बाबतीत वापरतो तेव्हा त्याचा अर्थ पार बदलतो. हा फरक नीट समजला तर हुमणीचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यातच का टाकायचे आणि फवारणी करताना माणूस का दगावतो, या दोन्ही गोष्टी उलगडतात. मी कृषिविद्येचा माणूस. पशुवैद्यक किंवा कीटकशास्त्र हा माझा खास विषय नव्हे. पण पीक, जनावर आणि कीड एकाच बांधावर भेटतात, म्हणून हा पाठ.

आधी बैल. गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांना बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. माणसाला १२, तर घोड्याला १८. वरून पाठीचा कणा, बाजूंनी बरगड्या, खाली छातीचे हाड असा हा पिंजरा असतो. त्याच्या मागच्या तोंडाला मांसाचा एक पडदा ताणलेला असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. पडद्याच्या पुढे फुप्फुसे व हृदय, मागे पोट. श्वासपटल मागे सरकते, बरगड्या बाहेर फुलतात, आतली जागा वाढते आणि हवा नाकावाटे आत ओढली जाते. म्हणजे आपला व बैलाचा भाता सारखाच चालतो. हृदय जास्त करून डाव्या बाजूला असते. डाव्या कोपराच्या मागे हात किंवा कान लावला तर ठोके कळतात.

या पडद्याला अगदी चिकटून, मागच्या बाजूस, जनावराचे जाळीपोट असते. गवताबरोबर गिळलेली तार किंवा खिळा तेथेच अडकतो. जाळीपोट आवळले की तो टोकाने पुढे ढकलला जातो. पडद्याच्या पलीकडे चार बोटांवर हृदय! म्हणून तारेचा आजार पोटात सुरू होतो आणि छातीत संपतो. जनावर कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावरून खाली यायला नाखूश असते, पुढे मानेखालच्या पोळीला सूज येते. सूज आल्यावर डॉक्टरांच्या हातातही फारसे काही उरत नाही. द्राक्षबाग आणि शेडनेट यांमुळे आपल्याकडे तारांचे तुकडे आता वैरणीपर्यंत पोहोचू लागले आहेत, इकडे लक्ष असावे.

पोटफुगीचेही तसेच. कोवळा, ओला लसूणघास भरपूर खाऊन कोठीपोट फुगते आणि श्वासपटलाला पुढे दाबते. फुप्फुसांना फुलायला जागाच उरत नाही. आपण म्हणतो जनावर पोट फुगून मेले. खरे तर ते गुदमरून मरते. अशा वेळी पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे, म्हणजे पडद्यावरचा भार थोडा हलका होतो, आणि पशुवैद्यकास बोलवावे. घाईघाईने मान उंच करून, जीभ ओढून धरून बाटलीने तेल ओतू नये. ते श्वासनलिकेत उतरले तर पोटफुगीतून वाचलेले जनावर चार दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने जाते.

आता कीड पाहू. मे-जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुनिंब व बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. सातारा-सांगली भागातल्या ऊस बागायतदाराला त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. होलोट्रॅकिया जातीच्या हुमणीचे हे प्रौढ. एक भुंगेरा पकडून तळहातावर ठेवा. वरून पाहिल्यास डोक्यामागे एक ढालीसारखा भाग दिसेल आणि आपल्याला वाटेल, हीच छाती. पण तो छातीचा केवळ पहिला तुकडा आहे. बाकीचे दोन पंखांच्या कडक झाकणाखाली दडलेले असतात. म्हणून भुंगेरा उताणा करा. पायांच्या तीन जोड्या जेवढ्या भागावर बसल्या आहेत तेवढी सगळी छाती. अग्रवक्ष, मध्यवक्ष आणि पश्चवक्ष असे तिचे तीन भाग, प्रत्येकावर पायांची एक जोडी. पंख फक्त मधल्या व मागच्या भागावर. भुंगेऱ्यात मधल्या भागाचे पंख टणक झाकण बनले आहेत. उडतात ते मागचे, घडी घालून ठेवलेले पातळ पंख. माशीत उलट आहे: मधले पंख उडतात आणि मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन लहान गुंड्या उरल्या आहेत.

या छातीत फुप्फुसे नाहीत आणि बरगड्याही नाहीत. हृदय म्हणजे पाठीलगतची एक लांब नळी. तिचा धडधडणारा भाग बहुतेक पोटातच असतो, छातीतून फक्त तिची पुढची नळी डोक्याकडे जाते. मग छातीत आहे तरी काय? स्नायू. बैलाचे मांस हाडावर बाहेरून चढलेले असते. किडीचा सांगाडा बाहेर आणि मांस आत. भुंगेरा, माशी, मधमाशी यांचे उडण्याचे मोठे स्नायू थेट पंखांना जोडलेलेही नसतात. ते छातीचा डबा वरून खाली आणि पुढून मागे आवळतात. पत्र्याच्या डब्याचे झाकण दाबावे-सोडावे तसे छातीचे छत आत-बाहेर होते आणि कडेला बसवलेले पंख खाली-वर फडफडतात. थोडक्यात, बैलाची छाती भाता आहे, तर किडीची छाती इंजिन.

सांगली जिल्ह्यात २००२ च्या जुलैत उसावर लोकरी मावा आढळला, तेव्हा याचा प्रत्यय आला होता. पानाखाली लोकरीत बसलेला बिनपंखी मावा मऊ असतो, त्याची छाती वेगळी ओळखूही येत नाही. त्याच वसाहतीत जन्मलेल्या पंखवाल्या माव्याची छाती मात्र काळसर, टणक व फुगीर. उडण्याचे स्नायू मावायला जागा हवी ना! एका फडातून दुसऱ्या फडात रोग नेणारे तेच. उंच उसात शिरून फवारणी करणे अवघड आणि धोक्याचेही होते. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी मित्रकीटकांनीच पुष्कळ ठिकाणी मावा आटोक्यात आणला.

अळी अवस्थेतही छातीवरून ओळख पटते. हुमणीची अळी नालेसारखी वाकलेली असते आणि तिचे सहाही पाय छातीवरच असतात. पाने खाणाऱ्या पतंगाच्या अळीला छातीवरच्या सहा खऱ्या पायांखेरीज पोटावर मांसल आधारपाय असतात. माशीच्या अळीला पायच नसतात. शेणखताच्या खड्ड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की पुष्कळजण घाबरून जालीम औषध ओततात. एक अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. ती उताणी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची, कुजका पाला खाणारी अळी असते. तिच्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

मग कीड श्वास कोठून घेते? कडेच्या छिद्रांतून. हुमणीच्या अळीच्या कुशीवर तपकिरी ठिपक्यांची ओळ दिसते ना, तीच श्वासरंध्रे: छातीवर एक जोडी, पोटावर आठ. प्रौढ कीटकांत साधारणपणे छातीवर दोन आणि पोटावर आठपर्यंत जोड्या असतात. तेथून बारीक नळ्या फाटत-फाटत थेट प्रत्येक अवयवापर्यंत हवा नेतात. हे काम रक्ताकडे नाही. म्हणून किडीचे तोंड पाण्यात बुडवून ती गुदमरत नाही. भुंगेऱ्याची पोटावरची रंध्रे पंखांच्या झाकणाखाली, हवेच्या पोकळीत असतात. साध्या पाण्याच्या बादलीत टाकलेले भुंगेरे तासन्‌तास हातपाय मारत राहतात, काही काठावर चढून निघूनही जातात. रॉकेल मात्र अंगावर पसरते आणि रंध्रांत शिरते. फांद्या हलवून गोळा केलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकण्याची शिफारस यासाठीच आहे. हे काम अंडी घालण्यापूर्वी, पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळीच व्हायला हवे, आणि सगळ्या शिवाराने मिळून. एकट्याने केल्यास शेजारच्या बाभळीवरचे भुंगेरे आपल्याच उसात येतात.

राहिला फवारणाऱ्या माणसाचा प्रश्न. क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधे ज्या गटातली आहेत तो ऑरगॅनोफॉस्फरस गट मज्जातंतूंवर काम करतो. तंतूचा निरोप पोहोचल्यावर तो पुसून टाकणारे विकर ही औषधे बांधून टाकतात. निरोप पुसला जात नाही आणि पुन:पुन्हा वाजत राहतो. हे विकर किडीतही आहे आणि आपल्यातही. किडीच्या छातीत पायांचा व पंखांचा कारभार पाहणाऱ्या मज्जागाठी असतात (म्हणूनच मुंडके तुटलेले झुरळ पाय हलवते). त्या बिघडतात, पाय थरथरतात, कीड उताणी पडते. माणसात तोच बिघाड श्वासावर येतो. छातीत स्राव दाटतो, श्वासनलिका आवळतात, पुढे श्वासपटल व बरगड्यांमधले स्नायू थकून थांबतात.

प्रौढ माणसाची फुप्फुसे आतून उलगडून अंथरली तर अर्धा ते पाऊण गुंठा जागा व्यापतील. एवढ्या ओल्या, पातळ पृष्ठभागावर बारीक तुषार गेला तर तो रक्तात मिसळायला वेळ लागत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षावर ब्लोअरने जो धुरासारखा तुषार उडतो, त्याला तोंडावर बांधलेला रुमाल अडवू शकत नाही. उलट भिजलेला रुमाल औषध नाकाशी धरून ठेवतो. विष सर्वांत जास्त कातडीतून जाते हेही खरे, म्हणून पाठीवर पंप गळत असेल तर ती फवारणी तेथेच थांबवावी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारताना वीसच्या आसपास शेतकरी व मजूर विषबाधेने गेले. पीक डोक्याइतके वाढलेले होते. आपला ऊस तर त्याहूनही उंच, आणि फडात वारा फिरत नाही.

तोंडाला पाणी सुटणे, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, घाम, उलटी यांपैकी काही जाणवले तर त्या माणसाला उघड्या हवेत आणावे, कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि दूध, लिंबू, ताक देण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सोबत औषधाची बाटली लेबलासकट न्यावी. अ‍ॅट्रोपिन द्यायचे की दुसरा उतारा, हे ठरवायला डॉक्टरांना त्यावरचे नाव लागते.