संगणकाच्या आतला संगणक

घातक आज्ञावल्या संगणकात अनेकदा ब्राउझरच्या वाटेने शिरतात. अनोळखी संकेतस्थळ उघडणे किंवा तेथील एखादी फाईल उतरवून घेणे, एवढे निमित्त त्यांना पुरते. म्हणून असा ब्राउझर ‘आभासी संगणका’त चालविण्याचा मार्ग सुचविला जातो. मूळ संगणकाच्या स्मृतीचा व साठवणक्षमतेचा काही भाग घेऊन आज्ञावलीने उभारलेला स्वतंत्र संगणक, तो आभासी संगणक. त्यात शिरलेला विषाणू सहसा बाहेरच्या फायलींना स्पर्श करू शकत नाही.

कल्पना नवी नव्हे. व्हीएमवेअर कंपनीने २००५ मध्येच केवळ ब्राउझरसाठी असा आभासी संगणक उपलब्ध केला होता. २०१९ पासून विंडोजच्या प्रो व एंटरप्राइझ आवृत्त्यांत ‘विंडोज सँडबॉक्स’ ही सोय अंगभूत आहे. होम आवृत्तीत मात्र ती नाही. तिला किमान ४ जीबी स्मृती लागते, आणि तिची खिडकी बंद करताच आतले सर्व पुसले जाते. एक बाब सहज नजरेआड होते: मजकूर कॉपी करण्याची जागा, म्हणजे क्लिपबोर्ड, मूळ संगणक व सँडबॉक्स यांच्यात सामाईक असते. सँडबॉक्स उघडा असताना बाहेर पासवर्ड कॉपी करणे इष्ट नव्हे.

मग बँकेचे व्यवहार आत करावेत की बाहेर? आत, असे उत्तर बहुतेकांना सुचेल. पण ते फसवे आहे. कळफलकावरील प्रत्येक अक्षर आधी मूळ संगणकातून जाते. तेथेच अक्षरे टिपणारी आज्ञावली दडलेली असेल, तर आत टंकलेला पासवर्डही तिच्या हाती लागतो. घरमालकच लबाड असेल, तर भाडेकरूच्या कुलपाचा काय उपयोग? तेव्हा संशयास्पद ते आत उघडावे आणि व्यवहार अद्ययावत, स्वच्छ मूळ संगणकावरच करावेत.

ही भिंतही अभेद्य नाही. २०१७ च्या ‘पोन टू ओन’ स्पर्धेत चीनमधील एका चमूने आभासी संगणकातील एज ब्राउझरमधून थेट मूळ संगणकापर्यंत मजल मारली व १,०५,००० डॉलरचे पारितोषिक मिळविले. अर्थात, इतके कौशल्य सामान्य भामट्याकडे क्वचितच असते, आणि त्याला त्याची गरजही भासत नाही. बनावट संकेतस्थळावर ग्राहकाने स्वतःच ओटीपी भरला, तर कोणताही आभासी संगणक त्याला अडवीत नाही. तेथे पत्ताच तपासावा लागतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते स्वीकारण्यास सांगितले होते. तरीही फसवणूक झालीच, तर आपल्या बँकेला व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे.