मध्यम किमतीचा प्रोसेसर कसा पारखावा?

प्रश्न : मुलांचा अभ्यास, हिशेब आणि थोडे व्हिडिओ-संपादन यांसाठी 'इंटेल कोअर आय५-१२४००एफ' घ्यावा की 'एएमडी रायझेन ५ ७६००'? (एक वाचक, रोल्ला, शारजा)

उत्तर : दोन्ही प्रोसेसरांत ६ कोअर, म्हणजे स्वतंत्र गणनकेंद्रे, आणि १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी हाताळले जाणारे कामाचे प्रवाह, असल्याने केवळ या आकड्यांवरून निवड होऊ शकत नाही. २०२२ सालच्या पहिल्याचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, तर २०२३ सालच्या दुसऱ्याचा ५.१ गिगाहर्ट्झ आहे; वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवणारी एल-३ कॅश अनुक्रमे १८ आणि ३२ एमबी आहे.

दुकानातील दरपत्रकात मात्र नावाअखेरचे 'एफ' हे अक्षर सहज नजरेआड होते. या अक्षराचा अर्थ असा की प्रोसेसरात चित्र दाखवणारा ग्राफिक्स विभाग वापरता येत नाही, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहतो. ७६०० मध्ये तो विभाग प्राथमिक स्वरूपात असतो. उलट ७६०० ला डीडीआर५ रॅमच लागते, तर १२४००एफ मदरबोर्डानुसार डीडीआर४ वरही चालतो, म्हणून किंमत प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम यांची एकत्र जोडावी.

शारजातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जात असल्याने कुलर महत्त्वाचा ठरतो. सुट्या, 'ट्रे' स्वरूपातील प्रोसेसरासोबत तो बहुधा मिळत नाही.

जुने ग्राफिक्स कार्ड आणि डीडीआर४ रॅम हाताशी असल्यास १२४००एफ पुरेसा आहे. सर्व नवे घ्यायचे असल्यास ७६०० घ्यावा आणि वॉरंटीची नोंद असलेले बिल आवर्जून मागावे.