जुन्या ट्रकची मागची उंची
परभणीच्या काळ्या मातीतून ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकचे मागचे पाटे कालांतराने बसतात. तेव्हा आपण एखादा पाटा वाढवतो. त्याने उंची मिळते, पण ताठरपणाही वाढून रिकामी गाडी हादरते. शॅकल दोन इंच लांब केले, तरी उंची सुमारे एकच इंच वाढते. कारण पाट्याचे दुसरे टोक स्थिर असते. म्हणून बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देणे किंवा मूळ मापाचा नवा संच घालणे आम्ही श्रेयस्कर मानतो. यू-बोल्ट नवे असावेत व काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत. उंचीने भारक्षमता वाढत नाही. गुरुत्वमध्य मात्र वर जातो आणि गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. त्या गाडीत कुणाचा तरी बाप बसलेला असतो, हे आपण विसरू नये.