पाणी एकरावर मोजायचे की माणसांवर?

प्रश्न : गावच्या बंधाऱ्यात पाणी साठले, पण मोठ्या मोटारीवाले आधी उपसतात. वाटप कसे करावे?

उत्तर : १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने धाडसी तोड काढली. पाणी घरातील माणसांप्रमाणे : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही.

आणि ऊस नाही! हा नियम सर्वांत बोचणारा, पण तो नसेल तर बाकीचे टिकत नाहीत. उसाचे एक शेत कितीतरी जणांच्या ज्वारीचे पाणी पिऊन टाकते.

हिवरे बाजार या गावात ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवते. तुमच्या गावानेही पावसाळा सरताच बंधाऱ्याची पातळी सर्वांसमोर मोजावी, मोटारी त्यानंतर सुरू कराव्यात.