पाऊस पडला की पोरगं बरं होतं?

मराठवाड्यात तरुण मुलांचे आईबाप दवाखान्यात एक वाक्य हमखास बोलतात. "परिस्थितीच तशी आहे डॉक्टर, पोराला तसं वाटणारच. एक पाऊस नीट पडू द्या, होईल बरं." दुष्काळात पावसाची वाट बघायची, आणि २०२५च्या सप्टेंबरसारखी अतिवृष्टी झाली की रब्बीची. तोवर पोराचं वर्ष जातं. कधी पोरगंच जातं.

कारण समजलं म्हणून आजार नाहीसा होत नाही. पुराच्या घाण पाण्यानं कावीळ झाली, तर पूर ओसरेपर्यंत तुम्ही रुग्णाला घरी बसवता का?

एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. सोयाबीन पाण्यात सडलं, वावराची माती खरवडून गेली आणि त्यानं आयटीआय सोडलं. डोकं सतत दुखायचं, छाती धडधडायची, पहाटे तीनलाच जाग यायची. गावातल्या 'डॉक्टर'नं आठवड्याला एक सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन चालू ठेवलं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता झोपेच्या गोळ्या दिल्या. हा गुन्हा आहे आणि मला त्याचा संताप येतो. वडील म्हणाले, "सायेब, मातीच वाहून गेली, पोरगं हसंल कसं?" मी मुलाला एकट्याला बसवून सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का रे?" तो रडायला लागला. तोवर त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं.

असं विचारल्यानं पोराच्या डोक्यात नसता विचार शिरतो, ही भीती सोडा. विचारल्यानं त्याचा जीव हलका होतो. या मुलाला औषधं आणि समुपदेशन मिळालं. वावरात माती अजून आलेली नाही, पण तो पुन्हा आयटीआयला जातोय.

मुलींचे हाल वेगळे. टंचाईत पाणी तिनंच भरायचं, शाळा तिचीच सुटणार, खर्च वाचवायला लग्नही तिचंच लवकर उरकणार. मग ती दातखीळ बसून पडली, की 'बाहेरचं' म्हणून बुवाकडे नेतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरीही मुली आमच्याकडे अंगारा लावूनच येतात. शहरातल्या कॉलेजात निदान समुपदेशक असतो. इथल्या मुलीला त्यासाठी एसटीनं तालुका ओलांडावा लागतो आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते, यात मला नवल वाटत नाही.

आईबापहो, तुमची चूक काढायला मी बसलेलो नाही. कर्ज, पाणी, पीक यांत तुम्हीच पिचलेले आहात. पण एवढं बघा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, मित्र तुटलेले, दारू नव्यानं लागलेली, "मी नसलो तर बरं" अशी भाषा, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. यातलं काही दिसलं तर पिकाचा हंगाम बघत बसू नका. फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा आणि पोराला एकटं सोडू नका.

नैराश्याच्या औषधाची सवय लागते, हे मोबाईलवरच्या व्हिडिओंनी पसरवलेलं खोटं आहे. सवय लागते ती त्या मेडिकलवरच्या झोपेच्या गोळ्यांची. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ते बंद करू नका, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवू नका.

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा. तिथवर जाणं आज जमत नसेल, तर १४४१६ ही टेली-मानसची मोफत सेवा चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. पोरगं फोन करणार नसेल, तर तुम्ही करा.