भार जातो कुठे? : मुंबईतील जुन्या वास्तूंत अधांतरी मांडणशिल्प टांगताना

एखाद्या जागेचा विचार करून आणि त्या जागेलाच कलाकृतीचा भाग मानून केलेल्या रचनेला मराठी कलासमीक्षेत मांडणशिल्प म्हणतात. त्यातील जो प्रकार जमिनीवर न ठेवता छताला, तुळईला किंवा दर्शनी भिंतीला टांगला जातो, त्याला येथे अधांतरी मांडणशिल्प असे म्हटले आहे. काळाघोड्याच्या कलादालनांपासून भायखळ्याच्या संग्रहालयापर्यंत आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत निघालेल्या नव्या दालनांपर्यंत अशी शिल्पे गेल्या दोन-तीन दशकांत वारंवार दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा आशयाविषयी असते; ती वर राहिली कशी, याविषयी क्वचितच काही छापून येते. परिणामी हे ज्ञान तोंडी राहते, आणि प्रत्येक नवा कलाकार तेच धोके पहिल्यापासून पत्करतो.

टांगण्याचे कसब या शहराला नवे नाही. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे, लालबागच्या गणेश गल्लीत तो १९२८ मध्ये सुरू झाला, आणि या परंपरेभोवती मंडप बांधणारे, परांची चढवणारे, झुंबरे व झालरी लावणारे कारागीर पिढ्यानपिढ्या तयार झाले आहेत. दिवाळीत चाळीच्या चौकात चढवला जाणारा सार्वजनिक कंदील आणि गोपाळकाल्याला रस्त्यावर ताणली जाणारी हंडी हीसुद्धा अधांतरी रचनाच आहेत. त्यामुळे प्रदर्शन ठरले की आयोजक सहजच मंडपवाल्याला बोलावतात, आणि तोही आत्मविश्वासाने काम अंगावर घेतो. त्याच्या हातावर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न मुदतीचा आणि राखणीचा असतो. गणपतीचा मंडप अनंत चतुर्दशीला रिकामा होतो आणि तोपर्यंत तेथे रात्रभर कार्यकर्ते जागत असतात. गाठ सैल झाली किंवा झुंबर एका बाजूला कलले तर कोणीतरी शिडी लावून ते लगेच सावरतो. प्रदर्शन मात्र दोन-दोन महिने चालते, संध्याकाळी दालनाला कुलूप लागते, वातानुकूलन बंद होते आणि रात्रभर दमट हवेत कागद, लाकूड, सुतळी आपापल्या परीने फुगत-आकसत राहतात. उत्सवात पुरून उरणारी सुतळीची गाठ येथे अपुरी ठरते, ती याच कारणाने.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुली झालेली आणि १९७५ मध्ये सध्याचे नाव मिळालेली ही वास्तू सविस्तर जतनकार्यानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडली. २०१३ मध्ये रीना सैनी कलाट यांनी तिच्या दर्शनी भागावर कोळिष्टकासारखे एक भव्य जाळे टांगले. मोठ्या आकाराच्या शिक्क्यांनी गुंफलेल्या या जाळ्यात मुंबईतील रस्त्यांची बदलली गेलेली वसाहतकालीन नावे होती. या रचनेच्या आशयावर पुष्कळ लिहिता येईल, परंतु टांगणाराच्या दृष्टीने तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे जाळ्याचा प्रत्येक धागा सरळ खाली न ओढता तिरका ओढतो, म्हणून कडेच्या आधारांवर वजनापेक्षा वेगळाच ताण येतो. दुसरी म्हणजे अशा वास्तूच्या भिंतीत मनाला येईल तेथे भोक पाडता येत नाही. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे आणि सूचीतील वास्तूला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. अर्थात नियम नसता तरीही शतकभर जुन्या चुन्याच्या दर्जेत ठोकलेला खिळा किती धरेल, हे छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येता येते. अधांतरी शिल्पाचा आराखडा वरून खाली काढावा लागतो. छत काय आहे हे कळल्याशिवाय कलाकृतीचे वजन ठरवणे म्हणजे अंगाचे माप न घेता कापड फाडण्यासारखे आहे. मध्य आणि दक्षिण मुंबईत साधारण तीन प्रकारची छते भेटतात. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत सागवानी तुळया आणि त्यांवर वासे-फळ्या असतात. अशा घरांत झोपाळ्याच्या पितळी कड्यांसाठी बसवलेले जाडजूड आकडे अजून दिसतात आणि माणसांसकट झोपाळा पेललेला आकडा शिल्पालाही पुरेल, असे मानण्याचा मोह होतो. तो आकडा कदाचित पुरेलही. पण ज्या तुळईत तो रुतला आहे तिचे टोक भिंतीत जेथे शिरते, तेथे पावसाळी ओल आणि वाळवी सर्वांत आधी पोचते. म्हणून आकडा हलवून पाहण्याबरोबर तुळईचे भिंतीतील टोक टोचणीने टोचून पाहणे आवश्यक ठरते. टोचणी लोण्यात शिरावी तशी आत गेली, तर त्या तुळईचा विचार सोडून द्यावा.

दुसरा प्रकार गिरण्यांच्या शेडचा. करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि त्यांखाली लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या सळ्यांचे सांगाडे, अशी ही रचना असते. कैची भक्कम दिसते, आणि असतेही, परंतु तिने भार घ्यावा ही अपेक्षा सांध्यांकडून असते. दोन सांध्यांच्या मध्ये खालच्या आडव्या सळीला वजन लटकवले तर ती वाकते, कारण ती ओढ सोसण्यासाठी बनवलेली असते, वाकण्यासाठी नव्हे. छायाचित्रात शिल्प नेमके मध्यभागी दिसावे म्हणून दोर सांध्यावरून हात-दीड हात सरकवला जातो, आणि हा छोटासा बदल कोणालाही बदल वाटत नाही. तिसरा प्रकार सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबचा. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतील सळ्या गंजलेल्या, पोपडे धरलेले, वरून नुकताच रंग दिलेले असे हे छत सर्वांत फसवे असते. हातोडीच्या हलक्या ठोक्याला पोकळ आवाज आला तर त्या जागी अँकर बसवू नये. फॉल्स सीलिंग, वातानुकूलनाचे पत्र्याचे नळ आणि आग विझवण्याच्या पाण्याचे पाइप यांना काहीही बांधायचे नसते. याविषयी चर्चा करण्याचेही कारण नाही.

तिरक्या दोराचा हिशेब मात्र सविस्तर समजून घेण्याजोगा आहे, आणि त्यासाठी हंडीइतके चांगले उदाहरण नाही. बारा मीटर रुंद रस्त्यावर समोरासमोरच्या दोन गच्च्यांमधून दोर ताणला, मध्यभागी २५ किलो वजन अडकवले आणि दोराचा झोळ, म्हणजे मध्यभागी तो खाली आलेले अंतर, अर्धा मीटर ठेवला, तर प्रत्येक बाजूच्या दोरावरचा ताण वजनाच्या साधारण सहापट, म्हणजे सुमारे १५० किलो होतो. तोच दोर आणखी कसून झोळ पाव मीटरवर आणला की ताण सुमारे ३०० किलोंवर जातो, आणि तोही जवळजवळ आडवा, म्हणजे विटांच्या कठड्याला रस्त्याकडे ओढणारा. विटांचे बांधकाम वरून आलेला भार वर्षानुवर्षे सोसते, पण आडवी ओढ त्याला मानवत नाही. दालनात तारा दिसू नयेत, शिल्प हवेत तरंगावे म्हणून तार ताठ ताणण्याकडे कलाकारांचा कल असतो. येथे डोळ्याला जे हलके वाटते तेच भिंतीला जड पडते. कोन वाढवला की ताण झपाट्याने उतरतो. दोन दोर आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या सहा दशांशांहूनही थोडा कमीच ताण येतो, आणि शक्य तेथे सरळ उभे टांगणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

अशा छोट्या वाटणाऱ्या फेरफाराचे एक अत्यंत भीषण उदाहरण कलेच्या क्षेत्रातील नसून एका हॉटेलातील आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रांगणात टांगलेले दोन पूल एकावर एक कोसळले आणि ११४ माणसे दगावली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल एकाच अखंड गजावर स्वतंत्रपणे लटकणार होते. पुढे तो गज तोडून दोन करण्यात आले आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. गज तोच, वजन तेच, पण वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर आता दुप्पट भार आला. शेकडो कागदी पक्षी, पणत्या किंवा चपला एकाखाली एक टांगणाऱ्या प्रत्येक मांडणीत हाच प्रश्न दडलेला असतो: खालची वस्तू वरच्या वस्तूला टांगली आहे, की दोन्ही एकाच तारेला?

साहित्याची खरेदी बहुधा नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात होते. तेथे पोलादी वायररोप, शॅकल (खिळीने बंद होणारी कडी), टर्नबकल (पिळून तार ताणण्याचे साधन), चेनपुली सारे मिळते, आणि दुकानदार विचारल्यास तार किती किलोला तुटेल तेही सांगतो. हा आकडा तुटण्याचा असतो, वापरण्याचा नसतो, एवढे लक्षात ठेवले की पुष्कळ अनर्थ टळतात. भार उचलण्याच्या कामात वायररोपसाठी पाचपट राखीव बळ धरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. ज्याखालून प्रेक्षक फिरणार, तेथे अनेक जाणकार दहापट धरतात. म्हणजे ४० किलोंचे शिल्प एकाच तारेवर टांगायचे तर ती ४०० किलोंना तुटणारी हवी. तारेचे टोक वळवून फास करताना लावल्या जाणाऱ्या क्लिपांत एक बारकी खुबी आहे: खाचांची बैठक भार घेणाऱ्या बाजूवर आणि यू-आकाराचा बोल्ट मोकळ्या टोकावर यावा लागतो. उलट बसवल्यास बोल्ट नेमकी भार घेणारी तारच चेपून दुबळी करतो. क्लिपा किमान तीन असाव्यात आणि भार आल्यावर तार किंचित बारीक होत असल्याने नट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावे लागतात. मासेमारीची पारदर्शक नायलॉन दोरी दिसत नाही म्हणून लोकप्रिय आहे, पण गाठीत तिचे बळ निम्म्याच्या आसपास येऊ शकते आणि सततच्या वजनाखाली ती हळूहळू लांबत जाते. कागदाच्या एका पाकळीला ती ठीक, काचेच्या तुकड्याला नव्हे.

वाऱ्याचा विचार दर्शनी भिंतीवरील आणि चौकातील कामात अनिवार्य आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा समोर आडव्या आलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर ढोबळमानाने १४ किलोंचा दाब देतो. म्हणजे तीन बाय चार मीटरच्या कापडी पडद्यावर तो दीडशे किलोंहून अधिक होतो, जरी पडदा स्वतः चार किलोंचा असला तरी. जाळीदार रचनेला वारा तुलनेने कमी लागतो. बंद दालनात वाऱ्याची जागा पंखे आणि वातानुकूलनाचे झोत घेतात. एकाच तारेवरचे शिल्प त्यांच्यामुळे मंदपणे स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या पिळाने टर्नबकल उघडत जातो. म्हणून त्याला लहान तारेने जखडून ठेवायचे, किंवा शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डर यांच्या ‘मोबाइल’ म्हटल्या जाणाऱ्या हलत्या शिल्पांप्रमाणे फिरणे हाच हेतू असेल तर फिरकीची कडी बसवायची.

प्रत्यक्ष टांगण्यापूर्वीची चाचणी महागडी नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, या सोयीच्या हिशेबाने प्लास्टिकच्या पिंपात शिल्पाच्या दीडपट वजनाचे पाणी भरून ते त्याच कडीला, त्याच तारेने, जमिनीपासून वीतभर उंचीवर चोवीस तास लटकवायचे आणि त्या अंतरावर पेन्सिलीची खूण करायची. पिंप खुणेखाली आले असेल तर तार ताणली गेली, गाठ सरकली किंवा छत वाकले, यांपैकी काहीतरी घडले आहे. हा एक दिवस उद्घाटनाच्या घाईत हमखास कापला जातो, आणि तो कापणाऱ्या आयोजकाला कलाकाराने नाही म्हणण्याची हिंमत ठेवली पाहिजे. मुख्य तारेखेरीज दुसरी, किंचित सैल सुरक्षा-तार वेगळ्या आधाराला बांधावी. दोन्ही तारा एकाच आकड्यात ओवल्या तर दुसरीचा उपयोग नाही. दिव्यांच्या वायरींवर वजन येऊ देऊ नये. कागद आणि कापड टांगताना, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, ते ठिकाण अनेक नव्या दालनांपासून हाकेच्या अंतरावर आहे.

उतरवण्याचा क्रम टांगण्याच्या आराखड्यातच लिहून ठेवावा लागतो, कारण काही महिन्यांनंतर येणारी माणसे बहुधा वेगळी असतात आणि कोणती तार भार घेते हे त्यांना पाहून कळत नाही. भार घेणाऱ्या तारांना रंगीत फीत बांधावी, सैल तारांना बांधू नये. प्रथम खालून परांचीने किंवा वरून चेनपुलीने शिल्पाचे वजन उचलून धरावे, फीत असलेल्या तारा ढिल्या पडल्याची हाताने खात्री करावी आणि मगच पहिला शॅकल उघडावा.